पेडणेकरबाईंचं इंग्रजी

गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालाही पेडणेकरबाई दारातच विचारायच्या, "मे आय नो युअर गुड नेम?" तो खांद्यावरचं ओझं सावरत "शंकर" म्हणायचा. "थँक यू, मिस्टर शंकर. काइंडली डू द नीडफुल," असं म्हणून बाई स्वयंपाकघराकडे हात करायच्या. त्यात थट्टा नव्हती की मिजास नव्हती. अशी जुनी, इस्त्री केलेली इंग्रजी वाक्यं म्हणजे समोरच्याला दिलेला मान, अशी त्यांची मनापासून समजूत होती.

परळच्या एका मराठी शाळेत त्यांनी नोकरीभर इंग्रजी शिकवलं. लालबागच्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारात राहायच्या, आणि शाळेत मी त्यांच्या वर्गात होते. तीनदा म्हणायला 'थ्री टाइम्स' त्यांना चालायचं नाही. "थ्राइस म्हणा. एका शब्दात भागतंय तर दोन कशाला खर्च करता?" वर्गात कुणाच्या तोंडून घरची मालवणी निसटली, की मात्र त्या फळ्याकडे वळून कोरड्या आवाजात म्हणायच्या, "घरचं घरी." त्या स्वतः मालवणजवळच्या खेड्यात वाढल्या होत्या, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

यजमान लवकर गेले. मुलाला, निखिलला, त्यांनी एकटीने वाढवलं. तो नोकरीसाठी स्कॉटलंडला, ग्लासगोला गेला आणि तिथल्याच फिओनाशी त्याने लग्न केलं. लग्न तिकडेच झालं, बाईंना काही जाता आलं नाही. म्हणून दोघं पहिल्यांदा लालबागला येणार म्हटल्यावर त्यांनी घराचे पडदे बदलले, पलंग सरकवला, पुन्हा जागेवर आणला. दोघं निघायच्या आधी निखिलचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"आई, रागावू नकोस हं. फिओनाला ते गुड नेम वगैरे नको विचारूस. आणि थ्राइस, नीडफुल... इकडे असं कोणी बोलत नाही गं. मी नवीन होतो तेव्हा ऑफिसात मला हसायचे."

"बरं," बाई म्हणाल्या.

पाहुणे आले आणि बाईंची वाचाच बसली. फिओना उत्साहाने काहीबाही विचारायची. बाई हसायच्या, "यस", "नो", "टी?" एवढंच म्हणून आत जायच्या. दोन-तीन दिवसांनी फिओना आमच्या दारात येऊन उभी राहिली. "माझं काही चुकलं का? त्यांना मी आवडले नाही, हो ना?" तिने इंग्रजीत विचारलं. डोळे भरले होते.

मी तडक बाईंकडे गेले. निखिल खाली गेला होता. "बाई, तिला वाटतंय ती तुम्हाला पसंत नाही."

त्यांचे कणीक मळणारे हात थांबले. "अगं, मी तोंड उघडलं तर निखिलची मान खाली जाईल."

त्या संध्याकाळी त्यांनी मलाही जेवायला थांबवून घेतलं. घावनं आणि काळ्या वाटाण्याची आमटी होती. शांतता भरून काढायला फिओना स्वतःबद्दल सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, की शिक्षण संपेपर्यंत ती स्कॉटलंडच्या 'आउटविथ' कधी गेलीच नव्हती.

बाईंचा हात तव्यावरच थबकला. "पार्डन? काइंडली रिपीट."

"आउटविथ. म्हणजे बाहेर," फिओना लाजली. "आमच्याकडे सगळे म्हणतात. पुढे लंडनच्या ऑफिसात होते तेव्हा माझा साहेब दर वेळी तो शब्द खोडायचा. इंग्रजीत असा शब्दच नाही म्हणायचा."

"मग तू काय केलंस?"

"पुन्हा लिहिला."

"ट्वाइस? थ्राइस?" बाईंच्या तोंडून गेलं. त्यांनी चटकन निखिलकडे पाहिलं.

फिओनाचा चेहरा उजळला. "थ्राइस! हा शब्द मी फक्त लहानपणी परीकथांत ऐकलाय. तुम्ही खरंच बोलता हा?"

"एव्हरी डे!" बाई म्हणाल्या.

"आई..." निखिलने मध्ये तोंड घातलं.

बाईंनी गॅस बंद केला. "निखिल, मी ट्रेनिंग कॉलेजात होते तेव्हा माझ्या मालवणीला मुली हसल्या. मी मालवणी सोडली. तुझ्याशीसुद्धा कधी बोलले नाही. शाळेत मुलांच्या तोंडूनही काढून घेतली. हसण्यापायी एकदा सोडलं ते पुरे झालं. आता हे नाही सोडणार."

निखिल बघतच राहिला. "तुला मालवणी येते?"

उत्तर न देता त्या सुनेकडे वळल्या. "गो चेडवा, लाजतंस कित्याक? आणखी एक घावन घे."

फिओनाने ताटली पुढे केली. चेडू म्हणजे पोर, कित्याक म्हणजे कशाला, हे तिला कळलं नव्हतं, पण बोलणं पोचलं होतं. निखिल उठून आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "मलापण तसंच मालवणीत विचार ना," तो हळूच म्हणाला. बाईंनी विचारलं, आणि त्याच्याही ताटात एक घावन वाढलं.

पुढचे दिवस त्या घरातून बाईंचं इंग्रजी, फिओनाचं इंग्रजी आणि मालवणी असं तीन प्रकारचं बोलणं एकदम ऐकू यायचं. सासू-सून माशांच्या बाजारात जाऊन आल्या की कुठल्या माशाला कोण काय म्हणतं यावर जिन्यातच वाद चालायचा, आणि निखिल पिशव्या धरून मागे उभा असायचा.

यंदा बाई ग्लासगोला गेल्यात, चांगल्या सहा महिन्यांसाठी. परवा त्यांचा फोन आला. आवाजात विद्यार्थिनीचा उत्साह होता.

"अगं, काल बसस्टॉपवर एक आजोबा माझ्याशी कितीतरी वेळ बोलले. इंग्रजीच होतं, पण मला अर्धंसुद्धा कळलं नाही!"

"मग काय केलंत, बाई?"

"बस आली होती. जाऊ दिली. त्यांना म्हटलं, आता पहिल्यापासून सांगा."