माडी आणि खालचा मजला

माझ्या स्वतःच्या घराच्या खालच्या मजल्यावर गेल्या दोन वर्षांत मी तीनदाच उतरले असेन. गुडघे गेलेत, जिना उभा आहे आणि मी माडीवर राहते. दूध, भाजी, पेपर, सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येतं. टोपली भरते ती खालची भाडेकरीण. तिचा नवरा निवृत्त बस कंडक्टर. दोघंही माझ्याच वयाची.

भाडेकरू आपलं म्हणायचं. भाडं ते देत नाहीत. तंजावुरात ओत्तीची रीत आहे. राहायला येणाऱ्याने एक मोठी रक्कम मालकाच्या हातात ठेवायची, मग दरमहा भाडं नाही, आणि घर सोडताना ती रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. मालक ती जपून ठेवतो असं ज्याला वाटतं, तो राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत राहिलेला नाही. आम्ही सगळ्यांनी तळमजले ओत्तीवर दिले आणि त्या पैशांत वर माड्या बांधल्या. जुना निघाला की नवा येणार, नव्याचे पैसे जुन्याला द्यायचे. दर खेपेला रक्कम थोडी वाढायचीच. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पोरांच्या थापा चेहऱ्यावरून ओळखल्या. पण नवा आलाच नाही तर काय, हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

आणि नवा यायचा थांबला. बायपासकडे फ्लॅट उभे राहिले, लिफ्टसकट, खाली गाडी लावायला जागा. आमच्या गल्लीत मोटार शिरते, पण वळत नाही. ज्यांच्याकडे ओत्तीपुरते पैसे आहेत, ते आता त्यावर बँकेचं कर्ज काढून फ्लॅटच घेतात. समोरच्या घरावरची 'विकणे आहे' ही तमिळ पाटी उन्हाने पांढरी पडली आहे.

धाकट्या भावाने कोइम्बतूरहून फोनवर एकच धोशा लावला होता. "अक्का, विकून टाक. ओत्ती फेड, आणि तळमजल्याचा लहानसा फ्लॅट घे." मलाही तेच हवं होतं. जिना न उतरता दारापर्यंत जावं, उंबऱ्यापुढे स्वतःच्या हाताने कोलमची रांगोळी घालावी, एवढीच हाव होती.

पोंगलनंतर दलाल एक गिऱ्हाईक घेऊन आला. मी पदर खोचून, बसत बसत, एकेक पायरी जिना उतरले. त्या गृहस्थाने माडीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. म्हणाला, देईन ते फक्त जागेचे देईन; बांधकाम पाडावंच लागेल, त्याचा खर्च त्यातून वजा. जिच्यापायी खालचा मजला हातचा गेला, त्या माडीला पाडायचा खर्चही माझ्याच माथी. ओत्ती फेडून हातात काहीच उरलं नसतं. मला असा संताप आला की मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही, आणि आमच्या घरात याहून मोठा अपमान नाही.

ते गेल्यावर मी दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवरच बसले. कंडक्टरच्या बायकोसमोर तमिळमध्ये मनसोक्त रडून घेतलं. माझ्याच घरात मी कोंडली गेले, असं काहीबाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "टीचरम्मा, आम्ही वर जातो. तुम्ही खाली या."

मला एवढा आनंद झाला की आठवून लाज वाटते. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, तेही मी मनात ठरवून टाकलं. माडी एकदा बघून येते म्हणून ती उठली. दोन्ही हातांनी कठडा धरून ती एका पायरीवर दोन्ही पाय आणायची, थांबायची, मग पुढची पायरी. ती अगदी माझीच चाल होती. दोन वर्षं टोपली भरणारी ही बाई स्वतः कधी वर का आली नाही, ते मला तेव्हा कळलं. चौथ्या पायरीवरून मी तिला माघारी बोलावलं.

"मग तुम्ही मुलाकडे का जात नाही?" मी चिडून विचारलं. मुलगा ओरत्तनाडुला असतो, त्याचं घर बैठं आहे.

आमचे पैसे मिळाले की तो आमच्यासाठी खोली काढणार होता, ती म्हणाली. "आधी दर रविवारी विचारायचा, कधी येता. आता नाही विचारत."

करारात काय आहे ते मला पाठ होतं. रक्कम थोडी थोडी मागायची नाही. मागायची तर एकदम, आणि तीही नवा राहणारा मिळाल्यावर. करार लिहिणारा म्हणाला होता, टीचर, हे जरा कडक होतं. मला त्या कलमाचा अभिमान होता. त्या कलमाने मी दोन म्हाताऱ्या माणसांना माझ्या पायाशी बांधून ठेवलं होतं, आणि वर बसून त्यांच्याच नावाने कुढत होते.

पेन्शन आली तेव्हा घरखर्चापुरती ठेवून बाकीची मी पाकिटात घातली. सोबत करार ठेवला, ते कलम खोडून, खाली सही करून. या गतीने फेडायचं तर मला नव्वदीच्या पार जगावं लागेल, आणि फ्लॅट तर विसरायलाच हवा. टोपली पहिल्यांदाच भरलेली खाली गेली.

तिने पाकीट उघडलं, नवऱ्याला हाक मारली. दोघांनी तो कागद वाचला. मग तिने मान वर करून विचारलं, "मग तुम्ही खाली कधी येणार?"

मी म्हटलं, कढीपत्ता संपलाय, थोडा पाठवा.