शेवंतीचे ओले केस

हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवळात देवापुढं न्हाई. दोन यत्ता शिकलेला माणूस मी, शब्द जुळवायला वेळ लागतो — बसा जरा.

गुंद गावात आमचं घर. आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची शेवंती आणि मी. शेवंती तीन वर्षांची. त्या श्रावणात तिला गोवर आला. आमच्यात गोवर म्हणजे देवी घरात आली असं धरतात. फोडणी बंद. आणि हळदीच्या पाण्याचं न्हाण घालेपर्यंत पोराच्या अंगाला पाण्याचा थेंब लावायचा न्हाई. न्हाणाला अजून दोन दिवस होते.

माझ्या पायाला कोयता लागलेला, म्हणून मी घरी. बाकीची शेतात भांगलायला गेली. जाताना वहिनी म्हणाली, "भावजी, तिला उंबऱ्याबाहेर काढू नका. तुम्ही ऐकत न्हाई कुणाचं, म्हणून दोनदा सांगते."

दोनदा — तेच लागलं मला. बाईमाणसानं मला शिकवायचं?

पावसाची सर आली. पोर दारात बसून हात बाहेर काढत होती. इतके दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडलेली. मी उचलली आणि अंगणात नेली. पागोळीखाली ओंजळ धरली तिनं. मग फणसाची पानं ओहोळात सोडली आम्ही. खांद्यावर बसलेली, पान पुढं गेलं की माझे कान ओढायची. "काका, आनी एक." आणखी एक, आणखी एक — किती वेळ? ठाऊक न्हाई. ओठ निळे पडले तेव्हा आत आणली, पुसली, कपडे बदलले, कांबळ्यात गुंडाळली.

वहिनीनं आल्या आल्या तिच्या डोक्यावर हात ठेवला. "केस ओले कसे हो?"

तेव्हा सांगता आलं असतं. न्हाई का? तिनं चुलीपाशी धरली असती, शेकली असती. मी म्हटलं — घाम हाय, ताप उतरला.

वहिनी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ताप उतरला म्हणून तिनंच कांबळं काढलं, पोरीला दारातल्या वाऱ्यात घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी छाती भरली आणि शेवंती गेली.

"कांबळं कुणी काढलं?" आई येईल त्याच्यापुढं हेच विचारायची. भाऊ वर्षभर वहिनीशी बोलला न्हाई. मी तिथंच होतो. जेवत होतो.

पोर पावसानं गेली की गोवरानं, मला कळत न्हाई. मी खोटं बोललो, एवढं कळतं. आणि बोललो कशापायी — वहिनीचं सांगणं खरं होतं, हे तिच्यासमोर मान्य करायचं न्हवतं म्हणून. दुसरं काही न्हाई.

चाळीस वर्षं त्याच घरात तिच्या हातची पेज प्यालो. गेल्या माघात ती गेली. शुद्ध होती शेवटपर्यंत. मी उशाशी बसलेलो. म्हणाली, "भावजी, पोर माझ्याच हातून गेली."

मी म्हटलं, "व्हय."