बाकीचे कोनच्या गावचे?

सिंधुकाकू वस्तूंशी बोलायच्या, आणि तेही अहो-जाहो करून. मी पहिल्यांदा झरीला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात कुणाची तरी समजूत घालत होत्या, "अवो, दमानं घ्या की जरा. तुमच्या मागं कोन लागलंय?" मला वाटलं, घरात कुणी वडीलधारं आजारी माणूस असावं. आत डोकावले तर मिक्सर. त्याच्या झाकणावर हात दाबून काकू मोठ्या काळजीनं त्याच्याकडे बघत होत्या. माझ्यामागे त्यांचा मुलगा बालाजी उभा होता. तो माझा वर्गमित्र. म्हणाला, "हे तर काहीच न्हाई. मोटार बंद पडल्यावर ऐक."

पाण्याची मोटार बंद पडली की काकू तिला 'मेहेरबानी करा' म्हणायच्या. फाटक अडकलं की 'सरका ओ, लेकरं आल्यात'. शेळीला तर त्या बाईसाहेब म्हणायच्या. गावच्या सरपंचाला मात्र अरे-तुरे, कारण तो त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. मी एकदा विचारलं, "काकू, मिक्सरला कशाला एवढा मान?" त्यांनी माझा दंड धरला. बोलताना समोरच्याचा दंड धरायची त्यांची सवयच होती, सुटका नसायची. म्हणाल्या, "वस्तू रुसली की परभनीहून मिस्त्री आनावा लागतो, बाई. गोड बोलायला काय लागतंय?" वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच हसत सुटायच्या. त्यांचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. बालाजी, इम्रान आणि मी, तिघांनी मिळून प्रोजेक्ट म्हणून व्हिडिओ गेम करायचा ठरवला. बालाजी चित्रं काढणार, इम्रान प्रोग्रामिंग करणार, आणि मराठी बरं म्हणून संवाद माझ्याकडे. बालाजीनं आधी जी पात्रं काढली ती सगळी तलवारी घेतलेली, दंड फुगलेली, भुवया चढवलेली. प्रोजेक्टच्या सरांनी ते कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "यातला एक तरी माणूस तुम्ही स्वतः पाहिलाय का?" आम्ही खाली माना घातल्या.

आठवडाभरानं बालाजी एकच चित्र घेऊन आला. पदर खोचलेली एक बाई, कमरेवर हात ठेवून बंद पडलेल्या मोटारीला काहीतरी सांगते आहे. सर खूश झाले. त्या एका बाईवरून आमचा सगळा खेळ उभा राहिला. गावातल्या सगळ्या वस्तू रुसून बसल्या आहेत. गावातलाच विराज नावाचा मुलगा वाट काढत निघतो. जिथं अडेल तिथं त्यानं आपल्या आईला हाक मारायची. आई वस्तूची समजूत काढते, वाट मोकळी होते.

आवाज काकूंचाच घ्यायचा ठरलं. आम्ही झरीला गेलो, दह्याशी धपाटे खाल्ले, आणि काकूंच्या पुढं फोन ठेवला. "तुमी रेकॉर्डिंग करायलाव? मंग ह्यांना सांगते," म्हणत त्या फोनकडं वळल्या, "नीट ऐका ओ, मधीच झोपू नका." आम्ही पोट धरून हसलो. ते हसणं प्रेमाचंच होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग मी बाकीच्यांचे संवाद लिहिले. विराज म्हणाला, "आई, मी निघालो आहे, पण दार उघडत नाही." गावातले मास्तर, दुकानदार, पोस्टमन, सगळे असेच शुद्ध आणि स्वच्छ. हे कुणी ठरवलं नव्हतं. आम्ही तिघं दिवसभर एकमेकांशी 'करायलाव', 'जायलाव' असंच बोलायचो, पण कीबोर्डवर बोटं टेकली की ती आपोआप 'आहोत'कडं वळायची. गोष्टीतला शहाणा माणूस असाच बोलतो, हे आमच्या डोक्यात कधी बसलं कोण जाणे. बालाजीनं वाचलं, इम्राननं वाचलं, सरांनी वाचलं. कुणालाच काही खटकलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. ठेवणीतली साडी नेसून काकू पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. पडद्यावरची बाई बोलायला लागली तशी त्यांनी माझा दंड धरला. "अगं, माझाच आवाज हाय की!" लोक हसले, त्याही हसल्या. विराजनं पुन्हा हाक मारली, बाई पुन्हा बोलली, पुन्हा हशा. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की शेळी उठल्यावर किंवा फाटक सरकल्यावर कुणीच हसत नाही. हसतात ते तिनं तोंड उघडल्यावर. 'हाय' म्हटलं की हशा, 'लय' म्हटलं की हशा. मागच्या रांगेतला एक मुलगा तिची नक्कल करून 'दमानं घ्या की' ओरडला. तो सेलूकडचा, आमच्याच भागातला. त्याची आई घरी याहून वेगळं काही बोलत नसणार.

काकूंनी माझा दंड सोडला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "ही बाई झरीची हाय न्हवं?"

"हो काकू."

"मंग बाकीचे कोनच्या गावचे हायत?"

 त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. गोष्टीतलं काहीतरी आपल्याला कळलं नाही, असं त्यांना खरंच वाटत होतं. "पोरगं तर तिच्याच पोटचं दाखवलंय तुमी," त्या म्हणाल्या. "मंग त्यो कामून असा बोलायलाय?" मी पडद्याकडे बघत राहिले. माझी अडचण पाहून त्यांनीच मला वाट काढून दिली. "शिकलेला असंल त्यो. म्हनून व्हय?" आणि मी मान हलवली. होकारार्थी.

त्या मान हलवण्याची लाज मला अजून पुरी वाटून झालेली नाही. आमचा पहिला क्रमांक आला. पाहुण्यांनी 'गावरान विनोदी पात्रा'चं खास कौतुक केलं. बालाजी व्यासपीठावर गेला तो खाली बघतच. काकू आम्हाला म्हणाल्या, "लय चांगलं केलंत," आणि नंतर झरीची जीप मिळणार नाही म्हणून लवकर निघाल्या.

त्यांचा प्रश्न मी बालाजीला सांगितला. त्यानं लॅपटॉप उघडला. मग म्हणाला, "समदं बदलायचं." मार्क मिळालेत, आता कशाला, असं सर म्हणाले. तरी आम्ही बसलो. मी सगळे संवाद पुन्हा लिहिले, मास्तर, दुकानदार, पोस्टमन, सगळ्यांचे. विराजचा आवाज बालाजीनं स्वतः दिला. आता तो म्हणत होता, "माय, मी निघालो, पन दार उघडंना झालंय." ऐकताना आम्हाला फार बरं वाटलं. काकूंना कधी दाखवतो असं झालं.

परीक्षा संपल्यावर आम्ही लॅपटॉप घेऊन झरीला गेलो. काकू दारात आल्या. "या, बसा," त्या म्हणाल्या. "जेवण करणार आहात ना?"

आम्हाला वाटलं, थट्टा करतात. इम्रान हसलासुद्धा. पण काकू हसल्या नाहीत. निसरड्या पायरीवर पाय ठेवावा तसा त्या एकेक शब्द ठेवत होत्या, आणि हात पदराशी घट्ट धरलेले होते. "माय, अशी कामून बोलायलीस?" बालाजीनं विचारलं. "काही नाही. असंच बोललेलं बरं असतं," त्या म्हणाल्या. बाहेरचं कुणी आलं की त्या आता अशाच बोलतात, हे बालाजीला ठाऊक होतं. त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यालाही लाज वाटत असणार.

आम्ही खेळ लावला. काकू मांडी घालून समोर बसल्या आणि शाळेतल्यासारखं लक्ष देऊन पाहू लागल्या. विराज शेळीला घेऊन नदीकाठी आला, मागं वळून म्हणाला, "माय, आमी जायलाव." तेवढ्यात काकूंनी हात वर केला.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "याला 'आम्ही जात आहोत' असं म्हणायला लावा. माझं राहू द्या तसंच. पण पोराला कुणी हसायला नको."