दारावरचे सात ठोके

ताई लोकांच्या कानांचे साचे करते. श्रवणयंत्र कानात नीट बसायचं तर ज्याच्या त्याच्या कानाचं माप घ्यावं लागतं, कारण एकाचा कान दुसऱ्यासारखा नसतो. एवढंच काय, एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. ताई आधी दोऱ्याला बांधलेला स्पंजचा बारीक बोळा कानात खोल सरकवते, मग जाड पिचकारीने गुलाबी पेस्ट भरते, चार मिनिटं थांबते आणि घट्ट झालेला गोळा अलगद फिरवून बाहेर काढते. त्यावरून मागच्या खोलीत साचा तयार होतो. एकोणचाळीस वर्षं ती हेच करते आहे. तेवढ्या काळात दवाखान्यातले डॉक्टर चारदा बदलले, खुर्च्या दोनदा बदलल्या, ताई तीच. समोरच्याला ऐकू येत नाही हे गृहीत धरून बोलायची सवय लागली की माणूस मोठ्याने बोलायला लागतो म्हणतात. ताईचं उलट झालं. तिने बोलणंच कमी केलं.

तिच्या पाठचा दादा आणि सर्वांत शेवटी मी, लिफ्ट दुरुस्त करणारा. आमच्या तिघांमध्ये जगाला ठाऊक असलेला एकटा दादाच, कारण तो बँडमध्ये गातो. बँडचं नाव आईला कधी धड उच्चारता आलं नाही. ती त्यांना चांडाळ चौकडी म्हणायची. पहिली रेकॉर्ड आली, पेपरात फोटो छापून आला, तेव्हा तिने चांडाळ गाळलं आणि नुसती चौकडी ठेवली. पुढे जगात त्यांचं जे काही झालं त्यावर पुस्तकं निघाली आहेत, त्यामुळे मी तोंडाची वाफ दवडत नाही. मी स्वतः त्यांच्यापायी मानेपर्यंत केस वाढवले होते. माझ्या पलंगावर भिंतीला त्यांचं पोस्टर होतं. आणि तरी त्यांचं एक गाणं लागलं की मी उठून खोलीबाहेर जायचो. ते गाणं आमच्या घराबद्दल होतं.

झालं होतं ते असं. बाबा एके दिवशी घरातून निघून गेले. भांडण नाही, चिठ्ठी नाही. तीन वर्षांनी एका दुपारी ते परत आले. दादा तेव्हा बँडबरोबर गावोगाव फिरत होता, मी शाळेत होतो. बाबांनी दार वाजवलं. आतून कुणी उघडलं नाही. ते जिना उतरून गेले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच गावी एका इस्पितळात वारले. जिन्यात त्यांना खालच्या मजल्यावरचे घड्याळजी भेटले होते. बाबा त्यांना एवढंच म्हणाले, की मुलगी आत आहे, दार उघडत नाही. घड्याळजींनी ते दादाला सांगितलं आणि दादाने गाणं केलं.

गाण्यात बाप दार ठोठावतो आणि बहीण आत बसून ठोके मोजते. सात ठोके. सातव्यानंतर सगळी वाद्यं एकदम थांबतात, कारण दार उघडत नाही. कार्यक्रमात हे ठोके लोक टाळ्यांनी देतात. चाळीस-पन्नास हजार माणसं सात वेळा टाळी वाजवतात आणि मग श्वास धरून गप्प उभी राहतात. माझ्या अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण त्या चाळीस हजारांतला प्रत्येक जण त्या वेळी माझ्या बहिणीला मनातून शिव्या घालत असतो, हेही मला कळतं. ताईच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी सात ठोके वाजवत बसतात. ती पुढचं नाव पुकारते.

तिचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. गाण्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं ती बहीण कोण ते. ताई आईजवळ राहिली. तिची औषधं, तिचे डोळे, शेवटी तिचं अंथरूण, सगळं तिने केलं. लोक म्हणायचे, थंड बाई आहे, हिला काही वाटतच नाही. मला राग यायचा आणि मनातून पटायचंही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. बारा-पंधरा दिवसांनी आम्ही दोघं तिच्या चादरी घड्या करत होतो. ताई दोन टोकं धरून माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली की त्या दुपारी दार आईने अडवलं होतं. आई दाराला पाठ लावून उभी राहिली होती आणि तिने ताईचं मनगट धरून ठेवलं होतं. एवढं बोलून तिने माझ्या हातातली टोकं घेतली आणि घडी पूर्ण केली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पस्तीस वर्षं मूग गिळून का बसलीस, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो. ती म्हणाली, "आई होती ना."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी जाहीर झालं की चौकडी शेवटचा कार्यक्रम आमच्या शहरात करणार आणि शेवटचं गाणं अर्थातच तेच असणार. मी ताईच्या मागेच लागलो. दादाला सांग, म्हटलं. त्याने स्टेजवर उभं राहून एकदा म्हणू दे की माझ्या बहिणीने दार अडवलं नव्हतं. ताईला स्टेजचं काही नव्हतं. तिचं म्हणणं, त्या चाळीस हजारांशी तिचं काय देणंघेणं. फक्त दादाला कळावं. तो मरायच्या आधी किंवा ती मरायच्या आधी, एकदा त्याला कळावं, बस.

आणि नेमका दादाचाच फोन आला. तो मोठमोठ्याने बोलत होता. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला तो कानात जे घालतो ते बसत नव्हतं. तीन ठिकाणी करून झालं होतं. तू करशील का ताई, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, सोमवारी ये, जेवणाच्या सुट्टीत.

मी त्याला मागच्या जिन्याने वर आणलं. ज्या केसांपायी माझ्यासारख्या शेकडो पोरांनी घरी बोलणी खाल्ली, त्यांतला एकही आता त्याच्या डोक्यावर शिल्लक नव्हता. टोपी काढल्यावर तो थेट बाबांसारखा दिसला. ताईने त्याला खुर्चीत बसवलं, बॅटरीने कान पाहिले, मळ काढला, बोळे सरकवले, दोन्ही कानांत पेस्ट भरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तोंड उघडलं की जबडा सरकतो आणि कानाची आतली वाट बदलते. म्हणून गाणाऱ्या माणसाचं माप तोंड उघडं ठेवून घ्यायचं असतं. त्यासाठी दातांमध्ये धरायचा एक ठोकळा असतो. तो ताईच्या वरच्याच खणात होता. पण त्या दिवशी तिने दादाला हाताने खूण केली, तोंड मिट, हलू नकोस. मग ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागली.

"दार मी नाही अडवलं. आईने अडवलं. तिने माझं मनगट धरलं होतं. बाबांनी सात वेळा नाही, तीनदाच दार वाजवलं. मग म्हणाले, पोरी, मी आहे गं. मी उठले होते."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. वेळ झाल्यावर तिने दोन्ही गोळे काढले, त्याला दाखवले, डबीत ठेवले. दादाने साचे कधी मिळतील एवढंच विचारलं आणि टोपी घातली.

तो गेल्यावर मी ताईला विचारलं, हे कसलं सांगणं, कान बंद करून? त्याला ऐकू कुठे आलं? ती हात धुवत होती. तिचं सांगून झालं होतं, म्हणाली. पाण्याचा नळ तिने नीट, घट्ट बंद केला. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, पण खरं सांगतो, तेवढाही जोर आला नाही.

गुरुवारी दादाचा फोन आला. तोंड मिटलेलं असेल तर साचे अगदी फिट्ट बसतात, पण गायला तोंड उघडलं की कडेने हवा शिरते, आवाज फाटतो. ताई फोन हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. पहिल्या महिन्यातली शिकाऊ मुलगीही असली चूक करणार नाही. रविवारी कार्यक्रम होता. तिने त्याला शुक्रवारी सकाळीच बोलावलं आणि मीही रजा टाकून गेलो. मला वाटत होतं, ती आता तरी तोंड उघडेल.

शुक्रवारी ताईने पेस्ट कालवायच्या आधी ठोकळा धुऊन हातात घेतला. दादाने तिचा हात अडवला.

"सोमवारी तू बोललीस ते मला कळलं," तो म्हणाला. "ऐकू कमी येतं, मी ओठांवरून ओळखतो आता. पाच-सहा वर्षं झाली. बँडमध्ये कुणाला माहीत नाही."

ताईने ठोकळा टेबलावर ठेवला.

"आणि ते मला आधीच माहीत होतं, ताई. आईने सांगितलं होतं. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी मी आलो होतो ना, तेव्हा."

ती अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी ताई आईच्या डोळ्यांत दिवसातून सहा वेळा थेंब घालत होती आणि दादा तीन दिवस पाहुण्यासारखा राहून गेला होता. तो पुढे सांगत राहिला. आईने त्याला शपथ घातली होती, मी तुला सांगितलं हे ताईला कळू देऊ नकोस आणि गाणं आहे तसं राहू दे. तोवर गाणं त्याचं तरी कुठे राहिलं होतं. लोक ते ठोके द्यायला येतात, त्यांना मध्येच थांबवून काय सांगायचं, बहीण नव्हती, आई होती? अकरा वर्षं त्याने ते तसंच गायलं. शेवटी म्हणाला, "आणि तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला चालतंय."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे सगळं कळलं असणार. ताईने मला कोपराने बाजूला सारलं. "तोंड उघड," ती दादाला म्हणाली आणि ठोकळा त्याच्या दातांमध्ये बसवला.

मग चार मिनिटं. दोन्ही कान बुजलेले, तोंड वासलेलं, आणि दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने चाचपडत ताईचा हात धरला. तिने तो धरू दिला. मग नखाने पेस्ट दाबून बघायची होती म्हणून सोडवून घेतला. जाताना त्याने आम्हा दोघांसाठी पुढच्या रांगेचे पास टेबलावर ठेवले. ताईने सांगितलं की रविवारी तिला कपडे धुवायचे असतात.

शनिवारी दुपारी साचे घेऊन हॉटेलवर पोहोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी मागच्या खोलीत गेलो तर ताई घासायच्या यंत्राशी बसली होती. मी म्हटलं, नको देऊस. राहू दे त्याला उद्या तसाच, फाटू दे आवाज चाळीस हजारांसमोर. मला ते मनापासून हवं होतं. ताईने डावा साचा उजेडात धरून पाहिला, फडक्याने पुसला आणि डबीत ठेवला. त्याला ऐकू येत नाही रे, एवढंच म्हणाली. तुला राग नाही का आला, असं मी विचारलं. काल ती राग यायची वाट बघत बसली होती म्हणे, रात्री जेवली, झोपलीही. काहीच आलं नाही.

तिने उजवा साचा उचलला आणि तो हातात तसाच धरून बोलली.

"रेडिओवर ते गाणं लागलं ना, की सातव्या ठोक्यानंतर आई माझ्याकडे बघायची. आधी कधी बघायची नाही. गेली दहा-अकरा वर्षंच. दर वेळी. मला वाटायचं, मनातल्या मनात माझी माफी मागतेय. मला तेवढं पुरायचं."

तिने साच्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ती नुसती बघत होती," ताई म्हणाली, "दादाने मला सांगितलंय का ते."

मग तिने यंत्र चालू केलं आणि साच्याची कड घासायला लागली. त्या आवाजात पुढे काही बोलता येण्यासारखं नव्हतं. मी दाराशी उभा राहून साचा व्हायची वाट बघत राहिलो.