हंबाईला एक दुःखी माणूस पाहिजे होता

हंबाई चार वर्षं नेमकं काय शिकली, हे तिला विचारायला गेलेला माणूस हमखास पस्तावायचा. ती सांगायची नाही असं नव्हे. ती त्यालाच बोलतं करायची. माणूस यायचा चौकशीला आणि जायचा तो स्वतःचा सासरा, गुडघा आणि हुकलेली बढती असं सगळं पोटातलं ओकून. बाई मधूनमधून फक्त "हं" म्हणायची. त्या "हं"वरूनच गल्लीने तिला हंबाई करून टाकलं, आणि मूळ नाव तिच्या प्रमाणपत्रावर तेवढं उरलं.

प्रमाणपत्र होतं कॅथलिक पालकीय सेवेच्या पदवीचं. आजारी, कैदी, म्हातारे, जोडीदार गेलेले, शाळेत रुसून बसलेले, अशा सगळ्यांपाशी जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं, मागितली तर प्रार्थना करायची, असं ते शिक्षण. पण हे गल्लीला कोण समजावणार? तिच्या दादाचं नळांचं दुकान होतं, आणि तिथे रोज तीच जुगलबंदी चालायची.

"बहीण नन होणार का?" गिऱ्हाईक विचारायचं.

"नाही."

"मग फादर?"

"बायका फादर होत नाहीत."

"मग होणार तरी कोण?"

"अर्धी नर्स, अर्धी शिक्षिका, अर्धी नन," दादा नळाला दोरा गुंडाळत सांगायचा.

"हे तर दीड झालं."

"आमच्या घरात सगळं मापापेक्षा जास्तच असतं."

कॉलेजच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'पदवीनंतर पुढे काय?' म्हणून चौदा वाटा छापल्या होत्या, आणि शेजारी दूर कुठेतरी बघून हसणाऱ्या एका बाईचा फोटो होता. ती कशाला हसतेय, हे वहिनीला आजवर कळलेलं नाही. दादाने ते पान काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. एकेक वाट बंद झाली की तो त्यावर पेन्सिलीने फुली मारायचा. बहीणभावात ठरलं होतं, की वर्ष संपेपर्यंत कुठे बूड टेकलं नाही तर हंबाईने मुकाट्याने दुकानात बसायचं. ती शब्द देऊन बसली होती, आणि शब्द फिरवणं त्या घरात कुणाच्या रक्तात नव्हतं. हट्ट मात्र सगळ्यांच्या होता.

पहिली फुली पडली ती चर्चच्या कार्यालयावर. तिथे काम म्हणजे फोन घ्यायचा आणि स्नानसंस्काराचे, म्हणजे बाप्तिस्म्याचे, दाखले द्यायचे. फोनवर कुणी विचारलं, "रविवारची मिस्सा किती वाजता?" तर हंबाई वेळ सांगून गप्प राहायची. गप्प राहणं हा तिच्या शिक्षणाचा पाया. पलीकडचा माणूस त्या शांततेत डगमगायचा आणि म्हणायचा, "खरं सांगू का, मी बारा वर्षांत मिस्सेला आलेलो नाही." मग चाळीस मिनिटं. बिशपांचा सचिव तीन दिवस फोन लावत होता, शेवटी स्वतः गाडी काढून आला. फादर फार सभ्य माणूस. ते म्हणाले, "तुमची झेप या टेबलापेक्षा मोठी आहे." म्हणजे उद्यापासून येऊ नका.

दुसरी फुली शवपेटीवाल्याची. त्याने तिला शोकात बुडालेल्या घरच्यांना धीर द्यायला ठेवलं. तिने इतका धीर दिला, की माणसं शुद्धीवर यायची आणि म्हणायची, "आईला कसली नक्षी न् कसली पितळी कडी, साधीच पेटी द्या." शवपेटीवाल्याने पंधरा दिवस कळ काढली आणि मग हात जोडले.

तिसरी फुली वृद्धाश्रमाची, आणि ती तिला सगळ्यात जास्त लागली. तिथे दोन आजी होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीवरून दोघींचं नऊ वर्षांचं वैर. सकाळी उठायच्या त्या एकमेकींना हरवायला, जेवायच्या त्या अंगात बळ राहावं म्हणून. हंबाईने दोघींना समोरासमोर बसवलं, एकमेकींचं ऐकवलं आणि तीन आठवड्यांत समेट घडवून आणला. गळामिठी झाली, डोळे पुसून झाले. दुसऱ्या दिवसापासून दोघी अंथरुणातून उठेनात. खुर्ची रिकामी. जेवण अर्धं टाकलेलं. व्यवस्थापिका हंबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, काहीही करा, पण ते भांडण परत लावून द्या." हे मात्र शिकवलेलं नव्हतं.

अशा आठ फुल्या झाल्या. वर्ष संपायला महिना उरला, आणि मोठ्या रुग्णालयाचं पत्र आलं. तिथल्या फादरांच्या हाताखाली रुग्णांपाशी बसायला एक जागा होती. हीच ती जागा, जिच्यासाठी हंबाई मुळात शिकायला गेली होती. मुलाखत शुक्रवारी. येताना एक ताजी संवादनोंद आणायची आणि तिघांपुढे वाचून दाखवायची.

संवादनोंद म्हणजे या सेवेतल्या लोकांची जातकुळी ओळखायची खूण. दुःखात असलेल्या कुणापाशी बसायचं, उठून आलं की आठवेल तसं शब्दाला शब्द लिहून काढायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, कोण कुठे अडखळलं, माझं कुठे चुकलं. नाव लपवायचं, त्या माणसाची परवानगी घ्यायची, आणि पदरचं एक अक्षर घालायचं नाही. हंबाईला खोटी नोंद लिहिणं शक्य नव्हतं. तेव्हा आता तिला शुक्रवारच्या आत एक खराखुरा दुःखी माणूस पाहिजे होता.

आणि काय सांगावं, एरवी रस्त्यात धरून रडगाणं ऐकवणारी गल्ली त्या आठवड्यात ठणठणीत बरी झाली. बाईला माणूस हवाय, लिहून काढणार आहे, ही बातमी शिंप्याने दुपारपर्यंत पोचवली होती. ती समोरून येताना दिसली की लोक हसतमुख व्हायचे. शिंपी, ज्याची पाठ वीस वर्षं दुखत होती, तो तिला बघून मशीनवरून उठला आणि त्याने दोन बैठका मारून दाखवल्या. पोस्टमन "आनंदात आहे, आनंदात आहे" म्हणत सायकलवरून निघूनच गेला.

तिने वहिनीला धरलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, तुला काही दुःख आहे?"

"भरपूर आहे."

"मग सांग ना."

"तुला? म्हणजे शुक्रवारी ते तीन अनोळखी लोकांपुढे वाचून दाखवायला? नणंदबाई, माझं दुःख मी जपून ठेवलंय. तुझ्या भावाला एकदम द्यायचंय."

गुरुवारी दुपारी ती दमून दुकानात येऊन बसली. गिऱ्हाईक नव्हतं. दादा पत्र्याचा डबा पुढ्यात घेऊन वायसर मापाप्रमाणे कप्प्यांत निवडत होता.

"काय गं, मिळाला का कुणी रडका?"

"नाही."

"घरात मी असताना बाहेर कशाला शोधत फिरतेस," दादा गमतीत म्हणाला.

हंबाई सवयीने म्हणाली, "हं."

झालं. दादाने हातातला वायसर कप्प्यात टाकला. मग मान वर न करता म्हणाला, "भागीदार होता तेव्हा बरं होतं."

"हं."

"भांडायचो आम्ही. पण बोलायचो. तो दुकान सोडून गेला त्याला सात वर्षं झाली. आता दिवसभर माणसं येतात. कुणाचं गळतंय, कुणाचं तुंबलंय. तुझं कसं चाललंय, असं सात वर्षांत एकाने विचारलेलं नाही."

"सात वर्षांत कुणी विचारलेलं नाही."

"तेच तर म्हणालो आत्ता. ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय."

"मग पुन्हा कशाला म्हणतेस?" दादाने एक वायसर उजेडात धरून उगाच पाहिला. "पण म्हण. बरं वाटतंय."

मग तो अर्धा तास बोलला. भागीदाराने जाताना पत्तासुद्धा दिला नाही, हे बोलला. जेवणाच्या सुट्टीत तो दार लावून नळांशीच दोन शब्द बोलतो, हेही बोलला. शेवटी डबा बाजूला सरकवून म्हणाला, "वायसर काय, कोणीही विकेल. मला समोर कुणीतरी बसलेलं हवंय. तर बसशील ना तू?"

आता इथे शिकल्याप्रमाणे हंबाईने म्हणायचं होतं, "मी बसावं असं तुला वाटतंय." स्वतःचं मत मध्ये आणायचं नाही, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही दादा. मला तिकडे जायचंय."

दादाने एक उरलेला वायसर चुकीच्या कप्प्यात टाकला, बाहेर काढला, आणि पुन्हा त्याच कप्प्यात टाकला.

संध्याकाळी तिने नोंद लिहिली आणि परवानगीसाठी त्याच्यापुढे ठेवली. ती घाबरलेली होती. हा माणूस कागद टराटरा फाडणार, आणि फाडला तर तो त्याचा हक्कच. दादाने चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं.

"मी एवढा रडका बोलतो?"

"जसं बोललास तसं लिहिलंय."

"इथे 'नळांशीच दोन शब्द' काढ. 'थोडी विश्रांती' घाल."

"घालता येत नाही."

"बरं, मग शेवटी लिही की आमच्या नळाला एक वर्षाची खात्री आहे."

"ते तू म्हणाला नव्हतास."

"आत्ता म्हणतोय."

"आत्ताचं चालत नाही, दादा."

दादाने चष्मा उतरवला. हा कागद अडवला तर बहीण महिन्याभरात समोर येऊन बसणार, हे त्यालाही कळत होतं. चेहऱ्यावरून ते सरळ वाचता येत होतं. मग त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "ने. पण 'दुकानदार' एवढंच लिही. कसला ते नको."

शुक्रवारी मुलाखतीला तिघं होते. रुग्णालयाचे म्हातारे फादर, मेट्रन आणि कोट घातलेला व्यवस्थापक. हंबाईने नोंद वाचायला घेतली. 'कुणाचं गळतंय, कुणाचं तुंबलंय' इथवर ती आली, आणि मेट्रन म्हणाली, "हा तर चौकातला नळवाला."

हंबाईने कागदावरून मान वर केली नाही. नाव सांगायचं नाही म्हणजे नाही. पण कान लाल झाले, ते कसे लपवणार?

"त्याच्याकडचाच नळ आहे माझ्या न्हाणीघरात," मेट्रन म्हणाली. "सहा वेळा गेले असेन मी त्या दुकानात. खरंच, कधी विचारलं नाही बाई."

व्यवस्थापकाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे तुम्ही नियम मोडलात. समोरचा दुःखात आहे आणि तुम्ही त्याला स्वतःची इच्छा सांगता?"

"हो, तिथे चुकलं," हंबाई म्हणाली. "पण त्याने विचारलं होतं. हं म्हणाले असते, तर तो होकार समजला असता."

फादर डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे सगळ्यांना ते झोपलेत असंच वाटलं होतं. ते म्हणाले, "आजवर अशा शेकडो नोंदी ऐकल्या. प्रत्येकीत शेवटी रुग्ण रडतो आणि उमेदवार जिंकतो. ऐकून ऐकून कंटाळा आलाय. ही बाई हरलीय आणि तेही तिने स्वच्छ अक्षरात लिहून आणलंय. सोमवारपासून या."

दादाला तिच्या चालण्यावरूनच कळलं.

"झालं?"

"झालं. सोमवारपासून."

"डबा नेणार की तिथेच जेवणार?"

"नेईन."

"मोठा ने. तिथे काय मिळेल न मिळेल." एवढं बोलून तो मागच्या खोलीत पाइप मोजायला गेला, आणि तेच पाइप त्याने त्या दिवशी चार वेळा मोजले.

सोमवारी हंबाई कामाला गेली आणि दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी लागली. 'मदतनीस पाहिजे. अनुभव नको. दुपारी समोर बसून ऐकणारा हवा.' आठवडाभरात अकरा जण आले. शिंपी आला, पोस्टमन आला, सुटीच्या दिवशी मेट्रनसुद्धा नळाचं निमित्त काढून येऊन गेली. अकरांतल्या एकालाही नोकरी नको होती. सगळ्यांना बोलायचं होतं.

दुसऱ्या सोमवारी दुपारी रुग्णालयात हंबाईला फोन आला. दादा दबक्या आवाजात बोलत होता.

"अगं, पोस्टमन रडायला लागलाय. आणि शिंपीपण. पाण्याचा तांब्या दिला, पंखा लावला, वायसरचा डबा दाखवला. आता काय करू?"

"काही करू नकोस," हंबाई म्हणाली. "बस नुसता."

"नुसता बसून काय होतं?"

ती काही बोलली नाही. दादाने फोन तसाच काउंटरवर ठेवला. पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग पोस्टमनचा बारीक आवाज, आणि खूप वेळाने दादाचं एक ओबडधोबड, पहिलंवहिलं "हं."