पॉवर हाऊसच्या विहिरीचे आकडे

बोरिवलीतलं आमचं छोटं पॉवर हाऊस बंद झालं, तेव्हा मी तिथे नोंदी ठेवणारा कारकून होतो. बॉयलर जुना झाला होता. जागा विकून गोदाम होणार, असं सगळे धरून चालले होते. पण त्याच सुमारास नवा कायदा आला. बंद पॉवर हाऊसची जागा विकण्याआधी तिथे पुन्हा वीज तयार करता येईल का, हे तपासणं सक्तीचं झालं. नवं डिझेल इंजिन थंड ठेवायला बारमाही पाणी हवं. म्हणजे सगळं आवारातल्या विहिरीवर आलं.

माझा शेजारी तिथे इंजिन चालवायचा. गावठाणातला ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. जागा गेली तर त्याची बदली घाटावर ठरलेली, आणि त्याची म्हातारी आई गाव सोडायला तयार नव्हती.

त्या विहिरीचं पाणी मी नऊ वर्षं दर सोमवारी मोजून वहीत लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, "घरातलं मीठ संपलेलं दिसत नाही, विहीर मात्र इंचाइंचाने ठाऊक!"

तपासणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याने वही चाळली. एका मे महिन्यावर त्याचं बोट थांबलं.

"चारच फूट पाणी? हे पान दाखवू नको रे."

"दाखवणार."

"तुझं काय जातंय? बिऱ्हाड माझं हलणार!"

"एक पान लपवलं, तर बाकीची खरी कशावरून?"

"तू माझा दोस्त की विहिरीचा?" म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आले. मी तेच पान आधी उघडलं. शेजारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"चार फुटांवर इंजिन चालणार नाही," इंजिनियर म्हणाले. मग त्यांनी अख्खी वही वाचली, अर्धा तास. "जाईन तिथे मला भरलेल्या विहिरीच दाखवतात. खाली खणलं तर काय लागतं?"

"मुरूम आहे साहेब, कातळ नाही."

त्यांनी पहार लावून खात्री केली आणि अहवालात लिहिलं: विहीर आणखी सहा फूट खोल करावी, जागा विजेसाठीच राखावी.

खोदकामाला शेजारी स्वतः उतरला. माझ्याशी बोलला मात्र आठवड्याने. "चार लिहिलेस म्हणून सहा मिळाले, हां!"

त्या अहवालाला माझ्या नऊ वर्षांच्या नोंदींची नक्कल जोडली आहे, त्या मे महिन्यासकट. मी आयुष्यात फारसं काही मिरवलं नाही. हे मिरवतो.