उवांचा प्रश्न तू विचार

“तू उवांचं विचार,” काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात कार्ड ठेवलं.

इथे हिंदी मुलखात, दुर्गाघाटाच्या गल्लीत, आपल्या मराठी मंडळाच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंग असतं. लोकल केबलवर दर आठवड्याला अर्धा तास मराठी कार्यक्रम लागतो. डॉक्टर येतात, सोफ्यावर बसतात, एखादा आजार समजावून सांगतात. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मंडळातली माणसं. प्रश्न आधी फोनवर मागवतात. कार्यक्रम चालवणारे काका ते चांगल्या मराठीत कार्डांवर उतरवतात आणि रेकॉर्डिंगच्या आधी वाटतात. ज्याचा प्रश्न त्यालाच मिळेल, असं नाही. ज्याला जो शोभेल तो.

हे मला माहीत नव्हतं. मी पहिल्यांदाच गेले होते.

“काका, मी दुसरा प्रश्न पाठवला होता.”

“अगं, तो मैथिली विचारेल. तिला बोलायची सवय आहे. हा पण महत्त्वाचा आहे, बहुत लोग पूछते हैं. आता पाटणकर वहिनींना कसं सांगू, उवांचं विचारा म्हणून?”

दोघीतिघी हसल्या. दुष्ट हसू नव्हतं ते. घरातल्या घरात हसतात तसं होतं. त्या घरात मी नव्हते.

माझ्या डोक्यात उवा नाहीत. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. कार्ड घेऊन बसले.

आम्ही विदर्भातले. बाबा रेल्वेत सफाईला आहेत, यार्डात डबे धुतात. आम्ही क्वार्टरमध्ये राहतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मंडळात कुणी आडनाव विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा म्हणतो, “अच्छा, अच्छा.” दुसऱ्या अच्छाला आवाज बदललेला असतो.

मैथिली माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात. तिचे आजोबा संस्कृत शिकवायचे, वडील बँकेत. त्या गल्लीत तिला कुणी मामा लागतो, कुणी आत्या. मला सगळेच काका. ओळख नसली की म्हणतात तसे काका. मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही. ती “नमस्कार” म्हणते तेव्हा समोरचा माणूस आपोआप नीट बसतो, याचा वाटतो. बोलण्याआधी ती मनात वाक्य जुळवत नाही, याचा सगळ्यात जास्त.

मी पाठवलेला प्रश्न असा होता: माझी आई चहा पिऊन झाला की मातीचा कुल्हड फोडून त्याचे तुकडे खाते. लपवून खाते. तिला सारखा थकवा असतो. हे वेड आहे की आजार?

तो लिहायला मला खूप वेळ लागला होता. आईची चहाडी केल्यासारखं वाटत होतं.

दिवे लागले. कॅमेरावाला मला म्हणाला, “बहिनी, तनिक पीछे.” मी खुर्ची मागे घेतली. मैथिली उठली. कार्डाकडे न बघता म्हणाली, “डॉक्टर, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई आहेत. त्या चक्क मातीच्या कुल्हडचे तुकडे खातात. मला त्यांची फार काळजी वाटते. असं का होत असेल?”

माझी आई कुणाकडे कामाला जात नाही. ती घरी बसून साड्यांना फॉल लावते. आणि कामाला जात असती, तरी ती मैथिलीकडच्या बाई नव्हती. माझी आई होती.

डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. “किती संवेदनशील मुलगी आहेस गं तू!” मग त्यांनी सगळं सांगितलं. रक्तात लोह कमी असलं की अशी इच्छा होऊ शकते. याला वेड समजायचं नाही. रक्त तपासून घ्यायचं. मला हवं होतं ते सगळं उत्तर. पण त्या मैथिलीकडे बघून बोलत होत्या. मी दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं ते ऐकलं.

मग मी उभी राहिले. “माझ्या डोक्यात उवा होतात. काय करावं?”

“डोकं नियमित धुतेस ना, बाळ?” त्या हसून म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले.

कार्यक्रम लागला त्या दिवशी बाबांनी शेजारच्यांना बोलावलं होतं. “पाह्य, पाह्य, आपली पोट्टी टीव्हीवर!” मी दिसले. उवा म्हणाले. शेजारची बाई उठता उठता माझ्या डोक्याकडे बघून गेली. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

आई म्हणाली, “ते पयली पोरगी किती चांगली बोलली व. तिच्या घरच्या बाईले माह्यासारखंच होते, पाह्य. किती जीव लावते तिले.”

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझ्या आईनं माझ्याच प्रश्नाबद्दल मैथिलीचं कौतुक केलं होतं. इतका मत्सर मला आयुष्यात कधी झाला नव्हता. माझ्याकडे आणखी काय होतं? एक आई होती. तीसुद्धा मैथिलीनं सहज उचलली, आणि आईला ते आवडलं.

आईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. रक्त कमीच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. कॉलेजात एका मुलीनं वेणी पुढे घेतली आणि बाकाच्या टोकाला सरकली.

महिन्याभरानं काकांचा फोन आला. “रविवारी त्वचेचे डॉक्टर येतायत. ये हं. तू छान बोललीस.” मी गेले. खरूज माझ्या वाट्याला आली.

माझी पाळी आली तेव्हा मी कार्ड खुर्चीवर ठेवलं.

“मला खरूज नाही. मला उवाही नव्हत्या. मागच्या वेळी मैथिलीनं विचारलेला प्रश्न मी पाठवला होता. कुल्हड खाणारी माझी आई आहे. ती कुणाकडची बाई नाही.”

“कट, कट! अरे बंद करो भाई,” काका ओरडले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “एवढं काय त्यात? उत्तर मिळालं ना तुला? आईला बरं वाटतंय ना?”

“वाटतंय.”

“मग?”

तेवढ्यात मैथिली म्हणाली, “तुला हवा होता तर सांगायचं ना गं. मी दिला असता.”

दिला असता. माझा प्रश्न, मला. ती मनापासून बोलली होती, म्हणून जास्त लागलं. तेव्हा मला कळलं की मला हेवा कशाचा वाटतो. आवाजाचा नाही, घराचा नाही. तिच्या हातात कधीच कुणी आजार ठेवत नाही, याचा.

“मग हे, काका,” मी म्हणाले, “की माझ्या घरात काय दुखतं ते मी सांगेन. तुम्ही वाटायचं नाही.”

कुणी हसलं नाही. कार्यक्रम लागला तेव्हा त्यात मी नव्हतेच. काकांनी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, “मोठी मानसं हायेत ते. काऊन त्यांच्या तोंडी लागतं? नोको जाऊ आता.”

आईला मी सगळं सांगितलं. तिनं हातातल्या साडीतली सुई काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “म्हंजे ते मी होती?” तिचा चेहरा मला बघवला नाही. पण सांगितल्याचा पश्चात्तापही झाला नाही.

मैथिलीचा हेवा अजून वाटतो. तो मी घालवणार नाही. तो गेला तर मी पुन्हा मुकाट्यानं कार्ड घेईन.

येत्या रविवारी मी जाणार आहे. बोलावलेलं नाही. पुढच्या रांगेत बसणार. आईला यायचं असेल तर तीही येईल. मध्येच हिंदी आली, वाक्य मोडलं तरी माझंच बोलणार. त्यांनी कॅमेरा बंद केला, तर बंद कॅमेऱ्यासमोर.